बुडविलेल्या टनांचा हिशेब

संगणकावरच्या युद्धखेळांनी मुले बिघडतात या एका मुद्द्यावर आमच्या महाड-पोलादपूरकडच्या शहाण्यासुरत्या मंडळींचे जेवढे एकमत आहे, तेवढे सावित्रीतला गाळ कुणी काढावा यावरही नाही. पालकांच्या सभेत हेच ऐकावे, बक्षीससमारंभात हेच ऐकावे, वाचनालयाच्या बाकावरही हेच. अशाच एका समारंभात पाहुण्या वक्त्यांनी तर पाणबुडीच्या खेळावरच तोफ डागली. मुले पाणबुडीत बसतात, शत्रूच्या युद्धनौकेवर पाणतीर सोडतात, नौका दुभंगून बुडाली की आनंदाने ओरडतात. अशा मुलांच्या हाती उद्याचा समाज सोपवायचा काय, असा त्यांचा सवाल होता. टाळ्या पडल्या. मग त्याच वक्त्यांनी तानाजी मालुसऱ्यांच्या उमरठच्या मातीला वंदन केले आणि या मातीचा लढाऊ वारसा मुलांनी पुढे चालवावा असा आशीर्वाद देऊन ते खाली बसले. पुन्हा टाळ्या पडल्या. मुलांनी लढू नये आणि मुलांनी लढावे, या दोन गोष्टी एकाच भाषणात सांगताना वक्त्यांना काही अडचण वाटली नाही, ऐकणाऱ्यांनाही वाटली नाही. मला वाटली, म्हणून हा लेखनप्रपंच.

एक गोष्ट आधीच स्पष्ट करतो. मी या खेळाचे वकीलपत्र घेतलेले नाही. माझाही त्यावर आक्षेप आहे, आणि तो वक्त्यांच्या आक्षेपाहून जड आहे असे मला वाटते. पण खोट्या आरोपाखाली खटला भरला की आरोपी सुटतो आणि खरा गुन्हा जागच्या जागी राहतो. तेव्हा आधी खोटा आरोप बाजूला सारला पाहिजे.

ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांच्या डोळ्यांपुढे धडाधड गोळ्या झाडणारे काहीतरी असते. वस्तुतः इतका संथ खेळ मी दुसरा पाहिलेला नाही. बुद्धिबळ त्यापुढे चपळ म्हणावे. ‘सायलेंट हंटर’ नावाच्या मालिकेचा तिसरा भाग २००५ साली निघाला. त्यात खेळणारा दुसऱ्या महायुद्धातील जर्मन पाणबुडीचा कप्तान असतो. २००७ सालच्या चौथ्या भागात तो पॅसिफिकमधील अमेरिकन कप्तान होतो. आमच्या आळीतला अकरावीतला एक मुलगा हे दोन्ही भाग खेळतो. त्याच्या शेजारी खुर्ची टाकून मी ते पुष्कळ दिवस पाहिले. बोट चालते आहे, चालते आहे. काही घडत नाही. मग श्रवणयंत्रापाशी बसलेल्या माणसाला दूरवर पंख्याचा आवाज येतो. त्या आवाजाच्या दिशेची रेघ नकाशावर मारायची, काही मिनिटांनी दुसरी मारायची, तिसरी मारायची, आणि जहाज कोठून कोठे कोणत्या वेगाने चालले आहे ते काढायचे. पेरिस्कोप पाण्यावर काढायचा तो क्षणभर. पुस्तकात पाहून जहाज ओळखायचे, त्याच्या डोलकाठीच्या उंचीवरून अंतर काढायचे, त्याचे नाक आपल्या दृष्टीच्या रेषेशी किती अंशांचा कोन करते ते ठरवायचे. जर्मनांचा विजेवर चालणारा पाणतीर ताशी ३० सागरी मैल वेगाने जाई. जहाज ९०० मीटरवर असेल तर त्याला पोचायला जवळजवळ मिनिट लागते, आणि तेवढ्या वेळात ताशी १२ सागरी मैलांनी जाणारे जहाज साडेतीनशे मीटर पुढे सरकलेले असते. म्हणजे नेम धरायचा तो जहाजावर नव्हे. जिथे आत्ता काहीच नाही अशा पाण्यावर! शाळेत ‘साइन’ आणि ‘टॅन’ यांचा धसका घेतलेला हा मुलगा वहीच्या मागच्या पानावर हे त्रिकोण आपण होऊन सोडवीत होता. या खेळाने त्याची बुद्धी बिघडली असे ज्यांना म्हणावयाचे असेल त्यांनी अगोदर आमच्या वर्गांतून बुद्धीचे काय होते ते पाहून यावे.

राहता राहिली हिंसा. खेळातल्या हिंसेने मुले हिंसक होतात हे खरे मानायचे तर दिवाळी आली की आपण काय करतो? आमच्याकडे घराघरांपुढे किल्ले उभे राहतात. रायगडाच्या पायथ्याशी आणि प्रतापगडाच्या वाटेवर राहणाऱ्या मुलांना नमुन्यासाठी लांब जावे लागत नाही. दगड रचावेत, गोणपाट घालावे, चिखल लिंपावा, अळीव किंवा मोहरी पेरून हिरवळ काढावी, बुरुजाबुरुजांवर मावळे उभे करावेत, दारात तोफ ठेवावी. हा युद्धखेळ नव्हे तर काय? त्या चिखलाच्या तटावर पोरांनी आजवर किती गनीम कापले असतील याची गणती नाही. तरी त्यांतली बहुतेक मुले पुढे तलाठी झाली, कारकून झाली, औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यांत पाळीवर गेली. कुणी कुणाचे मुंडके मारल्याचे ऐकिवात नाही.

पण या दोन खेळांत एक भेद आहे, आणि वक्त्यांनी धरायला हवा होता तो हा भेद. किल्ला करणारा मुलगा तटावर मावळे उभे करून थांबत नाही. पायथ्याशी तो गाव वसवितो. विहीर करतो, आरशाचा तुकडा ठेवून तिच्यात पाणी आणतो. गवळण आणतो, नांगर धरलेला शेतकरी आणतो, पाटी घेतलेली भाजीवाली आणतो. माणसापेक्षा तिप्पट मोठा एखादा वाघही गुहेत बसवितो. गड कुणासाठी राखायचा हे त्या मांडणीत कुणी न शिकविता आलेले असते. वेढा पडला तर आधी कुणाच्या चुली विझतील तेही तिथे उघड दिसते. पाणबुडीच्या खेळात मुलाच्या वाट्याला पेरिस्कोपचे एक भोक येते. त्यातून त्याला जहाज दिसते. जहाजावरचा गाव दिसत नाही.

तो दिसत नाही म्हणून मोजलाही जात नाही. सफर संपवून बंदरात परतले की मुलापुढे जी नोंदवही उघडते तिच्यात तारीख असते, जहाजाची जात असते, आणि टन असतात. प्रतिष्ठा वाढते ती टनांवर. ही काही खेळ करणाऱ्यांची लबाडी नव्हे. जर्मन नौदलाच्या पाणबुडी विभागाचा प्रमुख डोनिट्झ याचे गणितच तसे होते: इंग्रज-अमेरिकन जितके टन बांधतील त्याहून अधिक टन आपण बुडवायचे. कप्तानांची पदके टनांवर ठरत. ओटो क्रेचमर या कप्तानाच्या खाती अडीच लाखांहून अधिक टन जमा आहेत, हे आमच्या आळीतल्या मुलाला तोंडपाठ आहे.

आता हा टन म्हणजे काय? व्यापारी जहाजाच्या नोंदणीतला टन हे वजन नव्हेच. जहाजाच्या पोटातली १०० घनफूट बंदिस्त जागा म्हणजे एक टन. युद्धनौकेचा टन निराळा. ती जेवढे पाणी बाजूला सारते त्या पाण्याचे ते वजन. एका हिशेबात पोकळी मोजतात, दुसऱ्यात पाणी मोजतात. त्या पोकळीत कोण झोपले होते आणि ते पाणी पुढे कुणाच्या नाकातोंडात गेले याला दोन्ही हिशेबांत रकाना नाही.

रकाना घालून पाहू. ९ डिसेंबर १९७१ च्या रात्री, दीवपासून दूर अरबी समुद्रात, पाकिस्तानच्या ‘हंगोर’ या पाणबुडीने आपल्या ‘खुकरी’ या फ्रिगेटवर पाणतीर मारला. दुसऱ्या महायुद्धानंतर पाणबुडीने युद्धनौका बुडविल्याची ही जगातली पहिली घटना. काही मिनिटांत नौका गेली. कप्तान महेंद्रनाथ मुल्ला तिच्याबरोबर गेले. १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक बुडाले. खुकरी साधारण १२०० टनांची. खेळाच्या वहीत ही नोंद अशी होईल: एक फ्रिगेट, १२०० टन. भागाकार केला तर सहा टनांना एक माणूस पडतो. मी तो भागाकार त्या मुलाला सांगितला. तो हेलावून गेला, त्याने संगणक बंद केला, असे लिहून गोष्ट सजविण्याचा मोह मी आवरतो. त्याने विचारले, “काका, खुकरीचा स्पीड तेव्हा किती होता?” प्रश्न अगदी योग्य होता. वेग कमी होता, आणि पाणबुडीच्या शोधात निघालेल्या नौकेने तसे मंद चालावे की नाही यावर पुढे नौदलात वाद झाला. मुलगा मूर्ख नाही, निर्दयही नाही. त्याला जे मोजायला शिकविले आहे ते तो उत्तम मोजतो. जे शिकविलेले नाही ते तो मोजत नाही. ते त्याला कुणी शिकवावयाचे होते?

इथे आमच्या खोऱ्याचा संबंध येतो. महाड तालुक्यातल्या एका आंबवड्याला ‘फौजी आंबवडे’ असेच नाव पडले आहे. तिथे पलटणीत माणूस नाही असे घर शोधावे लागते. शेजारच्या माणगाव तालुक्यातल्या पळसगावचे नाईक यशवंत घाडगे जुलै १९४४ मध्ये इटलीत पडले आणि त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. महाडजवळच्या रावढळचे गोपाळबाबा वलंगकर पलटणीतून पेन्शन घेऊन आले आणि महारांची बंद पडलेली भरती पुन्हा सुरू व्हावी म्हणून एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सरकारशी अर्जांनी भांडले. कशासाठी? पराक्रमाची खाज होती म्हणून नव्हे. पलटण म्हणजे पगार, पलटण म्हणजे मुलांना शाळा, पलटण म्हणजे म्हातारपणी दोन घास. या डोंगरउतारावर नाचणी-वरीवर घर चालत नाही. इथल्या माणसाने युद्धाकडे नोकरी म्हणून पाहिले, आणि नोकरी करणारा माणूस पेरिस्कोपपाशी नसतो. तो खाली असतो.

समुद्रावरही तेच. महाड हे एके काळी बंदर होते. बाणकोटच्या खाडीतून दासगावपर्यंत गलबते येत, भरती साधून मचवे महाडला लागत. त्या खाडीच्या आजूबाजूच्या, त्या वेळच्या कुलाबा आणि रत्नागिरी जिल्ह्यांतल्या गावांतून माणसे मुंबई गाठीत आणि गोऱ्या कंपन्यांच्या आगबोटींवर चढत. सारंग, तांडेल, आगवाला, कोळसेवाला, भंडारी हे शब्द आता कुणाला आठवत नाहीत. डेकवर बहुधा रत्नागिरीकडचे आणि गुजरातचे, भट्ट्यांपाशी पंजाबकडचे, सलूनमध्ये गोव्याचे, अशी वाटणी असे. इंग्रज खलाशाच्या मजुरीच्या चौथ्या-पाचव्या हिश्श्यावर ही माणसे राबत. दुसऱ्या महायुद्धात मुलाने पेरिस्कोपमधून पाहिलेल्या प्रत्येक ब्रिटिश जहाजावर ती होती असे नाही. पण इतक्या जहाजांवर होती, की ‘शत्रूचे जहाज’ म्हणताना महाडच्या मुलाने जरा अडखळावे. पाणतीर लागतो तो पाण्याखाली, यंत्रघराच्या किंवा मालाच्या खणाच्या अंगाला. कप्तान असतो वर पुलावर. आगवाला खालीच असतो.

शत्रू या शब्दाकडे जरा अधिक बारकाईने पाहिले पाहिजे, कारण हा सगळा खेळ त्या शब्दावर उभा आहे. २० नोव्हेंबर १९४२ रोजी ‘तिलावा’ ही आगबोट मुंबईहून पूर्व आणि दक्षिण आफ्रिकेकडे निघाली. १० हजार ६ टन. तिच्यावर साडेनऊशेच्या आसपास माणसे होती. बहुतेक हिंदी उतारू आणि खलाशी. २३ नोव्हेंबरच्या पहाटे जपानच्या आय-२९ या पाणबुडीने तिच्यावर पाणतीर मारला आणि काही वेळाने, लोक होड्यांत उतरत असताना, दुसरा मारला. २८० माणसे गेली. पाच महिन्यांनी, २८ एप्रिल १९४३ रोजी, मादागास्करजवळच्या समुद्रात एका जर्मन पाणबुडीतून सुभाषचंद्र बोस दुसऱ्या पाणबुडीत चढले आणि पूर्वेकडे गेले. ती दुसरी पाणबुडी म्हणजे हीच आय-२९! पुढे २६ जुलै १९४४ रोजी ‘सॉफिश’ या अमेरिकन पाणबुडीने तिला बुडविले. म्हणजे चौथ्या भागात आमच्या आळीतला मुलगा ज्या बाजूने लढतो त्या बाजूने. आता हिला कोणत्या रकान्यात घालायची? तिलावावरच्या माणसांच्या मुलाबाळांनी काय म्हणावे, आणि नेताजींच्या तसबिरीला हार घालणाऱ्यांनी काय म्हणावे? दोन्ही एकाच घरातली असू शकतील. मी उत्तर देत नाही, कारण हा प्रश्न एका उत्तराने मिटण्यातला नाही. पण तो मुलाला पडला पाहिजे. खेळ तो पडू देत नाही. खेळात जहाजाच्या काठीवर निशाण दिसले की प्रश्न संपतो.

यावर आमचे काही देशभक्त मित्र म्हणतात, हा दोष परक्या खेळाचा आहे. आपण आपला खेळ काढू. त्यात आपली नौका असेल, शत्रूची ‘गाझी’ असेल, आणि मुलांना समुद्रातला गनिमी कावा शिकता येईल. जावळीचे रान आणि पारघाट आमच्या उशाशी आहे, म्हणून हा गनिमी काव्याचा दाखला आमच्याकडे विशेष आवडता. मला तो पटत नाही. दबा धरून बसणे दोन्हींत आहे हे खरे. पण १६५९ च्या प्रतापगडच्या लढाईत जे शरण आले त्यांना जीवदान मिळाले, आणि ते देण्याची सोय रानात असते. पाणबुडीत ती नसते. तिथे स्वतःच्या माणसांना झोपायला फळी पुरत नाही, कैदी कुठे ठेवणार? १२ सप्टेंबर १९४२ रोजी हार्टेनस्टाइन या जर्मन कप्तानाने ‘लॅकोनिया’ हे जहाज बुडविले. त्याच्या खाती १९ हजार ६९५ टन जमा झाले. मग पाण्यातून इटालियन भाषेत आरोळ्या ऐकू आल्या, तेव्हा कळले की त्या जहाजात आपल्याच दोस्तांचे अठराशे युद्धकैदी कोंडलेले होते. त्याने माणसे उचलावयास आरंभ केला, इंग्रजीत उघड संदेश पाठवून मदत मागितली, होड्या दोरांनी ओढल्या. चार दिवसांनी एका अमेरिकन विमानाने त्याच्यावर बाँब टाकले. लगेच डोनिट्झचा हुकूम सुटला की यापुढे बुडणाऱ्यांना वाचविण्याचा प्रयत्न करू नये. निव्वळ क्रौर्यामुळे नव्हे, त्या यंत्राच्या स्वभावामुळे हे घडले. म्हणून आपल्या खेळात आपले निशाण लावल्याने काय फरक पडणार? डिसेंबर १९७१ मध्ये विशाखापट्टणमजवळ गाझी बुडाली तेव्हा तिच्यातली नव्वदांहून अधिक माणसे तिच्यातच राहिली. एकही वर आला नाही. आपल्या वहीत ती एक पाणबुडी आणि काही टन म्हणून लिहिली जाणार. वही तीच, फक्त पुठ्ठ्याचा रंग निराळा.

“खेळ तो खेळ, त्यात सगळेच कसे दाखविणार?” असाही एक आक्षेप आहे आणि तो वरकरणी बळकट दिसतो. पण हे खेळ काय काय दाखवितात ते पाहा. युद्धाच्या पहिल्या दोन वर्षांत अमेरिकनांचे पाणतीर सदोष होते. ठरविल्यापेक्षा खोल जात, जहाजाच्या अंगावर आपटूनही फुटत नसत. चौथ्या भागात हा दोषसुद्धा हुबेहूब घातलेला आहे. विद्युत्‌घट किती उतरला, हवा किती उरली, पाण्याच्या दाबाने पत्रा कसा कुरकुरतो, सगळे आहे. म्हणजे न फुटलेल्या पाणतीराची खंत खेळाला दाखविता येते. फुटलेल्या पाणतीराने काय केले ते दाखविणे जमत नाही असे नव्हे, ते नकोसे आहे. न्यायाने सांगायचे तर ‘यूबोट’ नावाचा एक पोलिश खेळ, जो २०२४ साली पूर्ण रूपात आला, त्यात आपल्या खलाशांची भूक, झोप, भीती पाहावी लागते आणि पाण्यात पडलेल्यांना उचलून घेण्याचीही सोय आहे. म्हणजे हे होऊ शकते, आणि ते असूनही मुले खेळ सोडून पळालेली नाहीत.

आणि बुडणे म्हणजे काय हे महाडच्या मुलाला समजणारच नाही, असे कुणी म्हणू नये. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री सावित्रीवरचा इंग्रजी अमदानीतला जुना पूल पुरात कोसळला. अंधारात दोन एस्‌.टी. आणि काही मोटारी सरळ पाण्यात गेल्या. दुसऱ्या दिवसापासून साऱ्या महाडाने काठावर उभे राहून जे पाहिले ते कोणत्याही खेळाच्या पडद्यावर आलेले नाही. तीनशे किलोचे लोहचुंबक क्रेनला बांधून नदीत सोडले जात होते. नौदलाचे पाणबुडे गढूळ पाण्यात हातांनी चाचपत होते. एवढी मोठी बस पुलापासून फार दूर गेलेली नव्हती, तरी ती सापडायला आठवडा उलटला. प्रेते खाडीच्या तोंडाकडे वाहत गेली. त्या दिवसांत गावात कुणीही किती टन लोखंड गेले असे विचारले नाही. गाडीत कोण होते, कुठल्या गावचे होते, वाहकाचे घर कुठे, हेच पहिल्या तासापासून विचारले जात होते. याद्या झाल्या, याद्या तपासल्या, चुकलेली नावे पुन्हा लिहिली. नदीने बुडविलेल्या माणसांची यादी ज्या गावाने इतक्या तळमळीने केली, त्या गावाला समुद्राने बुडविलेल्या माणसांची यादी असते हेच ठाऊक नाही.

म्हणून माझा खरा रोख खेळाकडे नाहीच. खेळ परक्यांनी केला, त्यांनी आपल्या कप्तानांची नावे घातली. त्यांनी आमचा आगवाला का आठवावा? रोख आहे तो व्यासपीठावरच्या मंडळींकडे आणि माझ्यासकट लिहिणाऱ्यांकडे. मुलाला क्रेचमर पाठ आहे याचे आपल्याला वैषम्य वाटते. त्या जागी पाठ करायला आपण त्याला कुणाचे नाव दिले? मराठी वाङ्मयात समुद्र पुष्कळ आहे. पण तो बहुधा किनाऱ्यावर उभे राहून, पाठीमागे नारळाची वाडी ठेवून पाहिलेला. आगबोटीच्या भट्टीपाशी उभे राहून तो फारसा कुणी लिहिला नाही. आरमार म्हटले की आम्ही थेट शिवकाळात आणि आंग्र्यांच्या काळात जातो. तिथे अभिमानाला पुष्कळ जागा आहे. मध्ये जे दीडशे-दोनशे वर्षांचे पोट भरण्यासाठी केलेले नौकानयन आहे, त्याच्यात अभिमान बाळगण्यासारखे काय, असे आम्हांला वाटते. शिवाय त्या खलाशांत कोकणी मुसलमान फार. आमच्या अनास्थेला हेही एक कारण आहे. ते कुणी बोलून दाखवीत नाही, म्हणून मी लिहून ठेवतो.

मुंबईत मस्जिद बंदराच्या बाजूला ‘इंडियन सेलर्स होम’ आहे. पहिल्या महायुद्धात मेलेल्या आणि समुद्राखेरीज दुसरी कबर नसलेल्या दोन हजारांहून अधिक हिंदी खलाशांचे स्मारक तिथे आहे. दुसऱ्या महायुद्धातील नौसैनिकांचे आणि व्यापारी जहाजांवरच्या खलाशांचेही आहे. ती नावे सहा हजारांवर जातात. आमच्या तालुक्यांतून रोज माणसे मुंबईला जातात, भाऊच्या धक्क्यावर जातात, मस्जिद बंदरला मसाला आणि सुका मेवा घ्यायला जातात. त्या इमारतीत कुणी पाय ठेवल्याचे मी ऐकलेले नाही. आता तर जावेही लागत नाही. राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाने ही नावे सर्वांना खुली केली आहेत. ज्या संगणकावर जहाज बुडते त्याच संगणकावर ती यादीही उघडते.

महाड आणि पोलादपूरच्या वाचनालयांनी या वर्षी एवढे करावे. ती यादी छापून घ्यावी, वाचण्यासारखी जाड अक्षरांत. पुढच्या समारंभाला त्याच पाहुण्या वक्त्यांना आग्रहाने बोलवावे. भाषणाचा विषय त्यांच्या आवडीचाच ठेवावा. फक्त भाषणापूर्वी ती नावे त्यांनी मोठ्याने वाचावीत अशी विनंती करावी. आमच्या आळीतल्या मुलाने हिशेब करून दिला आहे: नुसत्या दुसऱ्या महायुद्धातल्या सहा हजार नावांना, एका नावाला दोन सेकंद धरून, तीन तास वीस मिनिटे लागतील.